केटामाइन : इतिहासाने गाळलेले वीस जण

१/ ‘नशेचा पदार्थ आता औषध ठरला’, असे मथळे केटामाइनविषयी हल्ली वारंवार दिसतात. हा क्रमच उलटा आहे. केटामाइन जन्मले ते भुलीचे औषध म्हणून. नशेसाठी त्याचा वापर नंतरचा. शिवाय या मथळ्यांमुळे खरा प्रश्न झाकला जातो : ते औषध ठरले कोणाच्या शरीरावर?

२/ १९६२ साली रसायनशास्त्रज्ञ कॅल्विन स्टीव्हन्स यांनी पार्क-डेव्हिस या अमेरिकी कंपनीसाठी ते तयार केले. आधीच्या फेनसायक्लिडिनमुळे रुग्ण शुद्धीवर येताना भ्रमिष्ट होत. त्याला सौम्य पर्याय हवा होता.

३/ ऑगस्ट १९६४. एडवर्ड डॉमिनो आणि गुंटर कोर्सेन यांनी ते प्रथमच माणसाला टोचले. स्थळ रुग्णालय नव्हते. मिशिगन राज्यातील जॅक्सनचा तुरुंग होता. १९६५च्या शोधनिबंधात या माणसांची ओळख एवढीच : तुरुंगातील २० ‘स्वयंसेवक’.

४/ हातापायांची जाणीव हरपली, आपण अवकाशात तरंगत होतो, असे त्यांतील अनेकांनी सांगितले. त्या अनुभवावरून ‘डिसोसिएटिव्ह’ हा शब्द सुचला तो डॉमिनो यांच्या पत्नीला. शब्द सुचवणारीची नोंद राहिली. अनुभव सोसणाऱ्यांची नावे मात्र कोणी सांगत नाही.

५/ ‘पण त्यांनी संमती दिली होती ना?’ हा युक्तिवाद तपासून पाहा. संमती पूर्णतः स्वेच्छेची हवी, हे न्यूरेंबर्ग संहितेने १९४७ मध्येच बजावले होते. ज्याचे जेवण, झोप आणि सुटका दुसऱ्याच्या हाती, त्याच्या ‘हो’ला स्वेच्छा म्हणायचे का? कैद्यांवरील संशोधनासाठी अमेरिकेने स्वतंत्र संघीय नियम केले ते १९७८ साली. केटामाइनला मान्यता मिळून तेव्हा ८ वर्षे लोटली होती.

६/ औषधाचे मोल कोणी नाकारत नाही. श्वास व रक्तदाब बहुधा टिकवून ठेवणारी ही भूल साधनांची वानवा असलेल्या शस्त्रक्रियागृहांना वरदान ठरली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ती १९८५ पासून आहे. २००६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील प्रयोगात, इतर उपचारांना दाद न देणारे नैराश्य एकाच मात्रेने दोन तासांत हलके झालेले दिसले. २०१९ मध्ये एस्केटामाइनच्या नाकातील फवाऱ्याला तेथे मान्यता मिळाली.

७/ म्हणूनच हे ऋण मोठे आहे. उपयोग सिद्ध झाला म्हणून आरंभ निर्दोष ठरत नाही. यापुढे कोणी या ‘चमत्कारा’ची कथा सांगू लागला, तर मित्रहो, ती १९६४च्या जॅक्सनपासून सांगायला लावा.