कमी झालेलं वजन परत का येतं?

“डॉक्टर, चार महिन्यांत दहा किलो उतरवलं होतं. वर्षभरात सगळं परत आलं, वर दोन किलो जास्तच.” हे सांगताना बहुतेक पेशंटची मान खाली असते. घरचे म्हणतात, “याचा तोंडावर ताबाच नाही.” काही जण लाजेपायी तपासणीला येणंच सोडतात आणि मग वजनासोबत शुगर, बीपीही वाढत जातं. म्हणून स्पष्ट सांगतो, वजन परत येणं हा तुमच्या स्वभावाचा दोष नाही. त्यामागे शरीराची स्वतःची यंत्रणा आहे आणि तिच्यात चरबीच्या पेशींचा मोठा वाटा आहे.

कणगी रिकामी होते, मोडत नाही

चरबीची पेशी म्हणजे घरातली धान्याची कणगी समजा. जास्तीचं अन्न तेलाच्या थेंबाच्या रूपात तिच्यात साठतं. वजन वाढतं तशी ती फुगते. वजन कमी झालं की ती आकसते, पण नाहीशी होत नाही. स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी २००८ साली दाखवलं की या पेशींची संख्या लहानपणी आणि किशोरवयात ठरते, पुढे ती जवळपास तेवढीच राहते. दरवर्षी सुमारे १० टक्के पेशी मरतात आणि तेवढ्याच नव्या तयार होतात. लठ्ठपणाच्या ऑपरेशननंतर भरपूर वजन उतरलेल्या लोकांमध्येही संख्या घटली नव्हती.

या पेशी नुसतं कोठार नाहीत. त्या लेप्टिन नावाचं हार्मोन सोडतात. पेशी आकसल्या की लेप्टिन घटतं आणि मेंदूला निरोप जातो, “दुष्काळ पडला!” मग भूक वाढते आणि शरीर ऊर्जा जपून खर्च करू लागतं. वजन उतरवल्यावर वर्षभरानंतरही भुकेची हार्मोन्स पूर्ववत होत नाहीत, असं अभ्यासात दिसलं आहे. २०२४ साली स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. वजन उतरल्यावरही चरबीच्या पेशींमध्ये जुन्या लठ्ठपणाच्या खुणा शिल्लक राहतात. अशा खुणा असलेल्या उंदरांना पुन्हा तेलकट खाणं दिलं, तेव्हा त्यांचं वजन इतरांपेक्षा लवकर वाढलं.

“आमच्याकडे लठ्ठ आहेत किती?”

चंद्रपूर-गडचिरोलीत हा प्रश्न हमखास येतो. इथे अंगाने सडपातळ माणसंच जास्त. पण काटा सगळं सांगत नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी-शेजारी छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळंही इंग्लंडच्या बाळांपेक्षा सरासरी ८०० ग्रॅमने हलकी होती, तरी त्यांची चरबी त्या मानाने कमी नव्हती. कमी होते ते स्नायू.

म्हणून वजनासोबत कंबरही मोजा. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर गेली, तर सडपातळ दिसत असलात तरी शुगर तपासून घ्या.

मग करायचं काय?

माझं मत ठाम आहे. वजन कमी करणं हा तीन महिन्यांचा कोर्स नाही. बीपीसारखं ते आयुष्यभर सांभाळायचं असतं. ‘महिन्यात दहा किलो’वाल्या पावडरी आणि पट्टे तुम्हाला कणगी रिकामी करायचं आमिष दाखवतात; ती पुन्हा भरू नये म्हणून काय करायचं, ते सांगत नाहीत. नव्या इंजेक्शनांचंही तसंच. सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात लोकांचं उतरलेल्यापैकी सुमारे दोन-तृतीयांश वजन परत आलं. औषध वाईट नाही; पण ते थांबवल्यावर काय, हे सुरू करण्याआधीच डॉक्टरांना विचारा.

ध्येय लहान ठेवा. ८० किलोच्या माणसाने ४ ते ६ किलो उतरवून टिकवले, तरी शुगर, बीपी आणि यकृतातल्या चरबीत फरक पडतो. आपल्या भागात ताटात भाताचा डोंगर आणि वरण पातळ असतं. तो डोंगर निम्मा करा, डाळ घट्ट करा, भाजी वाढवा. चालत असेल तर अंडी किंवा मामा तलावातले मासे खा. उपाशी राहू नका, त्यात स्नायूही झिजतात. शुगरची औषधं सुरू असतील तर खाणं एकदम कमी करण्याआधी विचारा.

रोज चाला, पण जंगलालगत राहत असाल तर पहाटेच्या अंधारात नको. वाघ-बिबट्याची भीती खरी आहे. उन्हाळ्यात घरातच उठाबशा, जिने चढणं, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं चालेल. स्नायू टिकले तर वजन टिकवणं सोपं जातं.

आठवड्यातून एकदा वजन करा. दोन किलो वाढलं की लगेच सावध व्हा, दहा होईपर्यंत थांबू नका. आणि वजन परत आलंच, तर दवाखाना टाळू नका. उलट तेव्हाच या. घरच्यांनाही एक विनंती: टोमणे मारून पेशी आकसत नाहीत. त्यापेक्षा त्यांच्यासोबत तुम्हीही अर्धा भात कमी वाढून घ्या.