घराच्या गळतीचा ताळेबंद

आपल्या समाजातील अनेक कुटुंबांची एक शाखा आता अमेरिकेत आहे. न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया अशा ठिकाणी मुले-मुली नोकरी-व्यवसायानिमित्त स्थिरावतात, काही वर्षांत तेथे घर विकत घेतात आणि त्या व्यवहारात येथील वडीलधाऱ्यांचा सल्ला, प्रसंगी भांडवलही असते. आपण घराची किंमत विचारतो, व्याजाचा दर आणि कर्जाची मुदत विचारतो, मंदिर व शाळा किती दूर आहे तेही विचारतो. परंतु पैसे मोजून गार किंवा उबदार केलेली हवा त्या घरातून किती गळते, हे सहसा कोणी विचारीत नाही. ही गळती मोजण्याचे शास्त्र तेथे चांगले विकसित झाले आहे. त्यासाठी साधने आहेत आणि नियमही आहेत. या महिन्यात त्या मोजणीची ओळख करून घेऊ.

प्रथम तेथील घराची रचना समजून घेतली पाहिजे. आपल्याकडील विटा-सिमेंटच्या भिंतींच्या जागी तेथे बहुधा लाकडी सांगाडा असतो. त्याला आतून जिप्समच्या फळ्या ठोकलेल्या असतात आणि मधल्या पोकळीत उष्णतारोधक कापसासारखा थर भरलेला असतो. वर माळा, खाली तळघर किंवा जोत्याखालची पोकळी. वर्षातील बराच काळ खिडक्या बंद. एकच मोठे यंत्र हिवाळ्यात हवा तापवते व उन्हाळ्यात थंड करते, आणि ती हवा पत्र्याच्या किंवा लवचीक नळ्यांतून, म्हणजे डक्टमधून, खोल्याखोल्यांत पोहोचते. अशा घरात गळती दोन प्रकारची असते. एक घराच्या कवचाची, दुसरी डक्टची. दोन्ही डोळ्यांना दिसत नाहीत. दिसते ते केवळ महिन्याचे बिल.

मालतारणावर कर्ज देताना बँक व्यापाऱ्याने दिलेल्या मालाच्या यादीवर विसंबत नाही. अधिकारी गोदामात जाऊन पोती मोजतो. यादी आणि प्रत्यक्ष यांतील फरक हीच खरी माहिती असते. घराच्या बाबतीत असाच फरक प्रथम ठळकपणे उघड झाला तो न्यू जर्सीतच. 1970 च्या दशकात तेलटंचाईच्या काळात प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी ट्विन रिव्हर्स या वसाहतीतील रांगेच्या घरांचा काही वर्षे अभ्यास केला. रॉबर्ट सॉकोलॉ, डेव्हिड हॅर्जे, गौतम दत्त हे त्यांपैकी होत. पुस्तकी हिशेबाने माळ्यातून जितकी उष्णता जायला हवी होती, तिच्या कित्येक पट अधिक प्रत्यक्षात जात होती. शोध घेता कारण सापडले. भिंतींच्या पोकळ्या, धुराड्याभोवतीची फट, नळ व तारा जाण्यासाठी पाडलेली भोके यांतून उबदार हवा थेट माळ्यात चढत होती. उष्णतारोधक थर जागेवर होता. हवा त्याला वळसा घालून जात होती.

अशी गळती मोजण्याचे यंत्र स्वीडनमध्ये 1977 च्या सुमारास वापरात आले. तेथे पंखा खिडकीत बसवीत. 1979 मध्ये आके ब्लोमस्टरबर्ग यांनी ही कल्पना प्रिन्स्टनला आणली आणि पंखा दारात बसवला गेला. त्यावरून त्याला ब्लोअर डोअर हे नाव पडले. मुख्य दाराच्या चौकटीत समायोजित करता येणारा सांगाडा, त्यावर जाड नायलॉनचे कापड आणि कापडाच्या छिद्रात एक शक्तिशाली पंखा, इतकेच हे यंत्र. सोबत मॅनोमीटर म्हणजे दाबमापक असतो. त्याची एक नळी घराबाहेर सोडतात आणि आतल्या-बाहेरच्या दाबातील फरक वाचतात.

चाचणीपूर्वी बाहेरची सर्व दारे-खिडक्या बंद आणि आतल्या खोल्यांची दारे उघडी ठेवतात. शेकोटीची राख काढतात, अन्यथा ती घरभर उडेल. गॅसचा हीटर व फर्नेस पेटणार नाहीत अशी व्यवस्था करतात. पंखा झाकलेला असताना मूळ दाब नोंदवतात, कारण वाऱ्यानेही थोडा फरक पडतो. मग पंखा घरातील हवा बाहेर फेकू लागतो आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा 50 पास्कलने कमी करतो. हा दाब किती? पाच मिलिमीटर पाण्याच्या थराइतका. वातावरणाच्या दाबाचा सुमारे दोन हजारावा भाग. माणसाला तो जाणवतही नाही. परंतु घराच्या प्रत्येक फटीतून हवा आत येऊ लागते. भिंतीजवळ धुराची कांडी, अगदी उदबत्तीसुद्धा, धरली तर धूर कोठे हलतो त्यावरून फट नेमकी सापडते.

आता हिशेब पाहा. समजा, घर 2,000 चौरस फुटांचे आणि छत 8 फूट उंच आहे. म्हणजे आतील हवा 16,000 घनफूट. 50 पास्कलचा फरक टिकविण्यासाठी पंख्याला मिनिटाला 1,600 घनफूट हवा बाहेर काढावी लागली, तर तितकीच हवा फटींतून आत येत आहे. तासाला ती 96,000 घनफूट होते. तिला 16,000 ने भागले की उत्तर 6. चाचणीच्या दाबाखाली घरातील सगळी हवा तासात सहा वेळा बदलते, असा त्याचा अर्थ. नेहमीच्या दिवशी दाबाचा फरक पुष्कळ कमी असल्याने प्रत्यक्ष गळती याहून बरीच कमी असते. परंतु दोन घरांची तुलना करण्यासाठी हा आकडा वजनकाट्यासारखा उपयोगी पडतो.

अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या ऊर्जा संवर्धन संहितेच्या 2012 च्या आवृत्तीत नव्या घरांसाठी हा आकडा उष्ण दक्षिण भागात 5 पेक्षा आणि इतर बहुतेक भागांत 3 पेक्षा अधिक नसावा, असे ठरविले गेले. राज्ये ही संहिता आपापल्या फेरफारांसह स्वीकारतात. जर्मनीत उगम पावलेल्या पॅसिव्ह हाऊस पद्धतीची मर्यादा तर 0.6 आहे. जुन्या घरांना असे बंधन नसते. म्हणूनच जुने घर घेणाऱ्याने स्वतः मोजून घेणे अधिक आवश्यक ठरते.

डक्टची गळती याहून महाग पडते, कारण येथे यंत्राने नुकताच तयार केलेला ताजा माल वाटेतच सांडतो. अमेरिकी सरकारच्या एनर्जी स्टार कार्यक्रमानुसार सर्वसाधारण घरात डक्टमधून जाणाऱ्या हवेपैकी 20 ते 30 टक्के हवा गळती, भोके आणि सैल जोडांमुळे वाया जाते. कोणत्याही दुकानदाराने शंभर पोती पाठवून ग्राहकाला पंचाहत्तर मिळतात असे आढळल्यावर एक दिवसही स्वस्थ बसले नसते. घरात मात्र असे वर्षानुवर्षे चालते, कारण डक्ट माळ्यात किंवा जोत्याखाली दडलेले असतात आणि तेथे कोणी फिरकत नाही.

शिवाय ही गळती घरातील दाबाचे संतुलन बिघडवते. खोल्यांकडे जाणारा डक्ट माळ्यात गळत असेल, तर तितकी हवा घराबाहेर गेली. तिची जागा भरण्यासाठी बाहेरची दमट हवा फटींतून आत ओढली जाते. यंत्राकडे हवा परत नेणारा डक्ट गळत असेल, तर माळ्यातील उष्ण हवा, धूळ, कधी गॅरेजमधील धूरही त्यात ओढला जातो आणि घरभर पसरतो. शयनगृहाचे दार बंद केले आणि हवा परतण्याची वाट नसली, तर त्या खोलीत दाब वाढतो व बाकीच्या घरात कमी होतो. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात फ्लोरिडा सोलर एनर्जी सेंटरच्या जेम्स कमिंग्ज यांनी प्रत्यक्ष घरांत मोजमापे घेऊन हा परिणाम दाखवून दिला. यंत्राचा पंखा सुरू होताच घराची गळती वाढत होती.

डक्टची चाचणी अशी होते. खोल्यांतील सर्व जाळ्या चिकटपट्टीने बंद करतात आणि एक लहान मोजणीचा पंखा परतीच्या जाळीला जोडून डक्टमध्ये 25 पास्कल दाब निर्माण करतात. तो टिकविण्यासाठी लागणारी हवा म्हणजे एकूण गळती. 2012 च्या संहितेनुसार, काम पूर्ण झाल्यावर चाचणी घेतल्यास ती दर 100 चौरस फुटांमागे मिनिटाला 4 घनफुटांपेक्षा अधिक नसावी. म्हणजे आपल्या उदाहरणातील घरात 80 घनफूट. परंतु डक्टमधून खोलीतच सांडलेली हवा ही खरी तूट नव्हे. एका खिशातील पैसे दुसऱ्या खिशात गेले इतकेच. म्हणून ब्लोअर डोअर लावून घरातही तोच 25 पास्कल दाब निर्माण करतात. मग डक्ट आणि घर यांच्यात हवा वाहत नाही, आणि पंखा जी गळती दाखवतो ती घराबाहेर जाणारीच असते. मला या चाचणीतील ही युक्ती विशेष आवडते. उत्तम लेखापरीक्षकही अंतर्गत वर्गीकरणे बाजूला काढतो आणि पेढीबाहेर गेलेली रक्कम तेवढी दाखवतो.

गळती बुजविण्याच्या साहित्यातही एक गंमत आहे. ज्याला डक्ट टेप म्हणतात ती कापडी चिकटपट्टी डक्टसाठीच कुचकामी निघाली. लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेतील मॅक्स शर्मन आणि इयान वॉकर यांनी उष्ण-थंड तापमानाच्या चक्रांत निरनिराळे उपाय तपासले. 1998 मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत टिकाव न धरणारी हीच पट्टी होती. त्यामुळे जोडांवर मॅस्टिक नावाचा लेप लावावा किंवा यूएल 181 असा शिक्का असलेली पट्टी वापरावी.

आता सर्वांत गंभीर बाब. घर घट्ट करणे म्हणजे डोळे मिटून सर्व फटी बुजवणे नव्हे. पाणी तापविण्याचा गॅसचा जुन्या पद्धतीचा हीटर आपला धूर केवळ उष्ण हवेच्या ओढीने धुराड्यातून वर पाठवतो. ही ओढ अतिशय दुबळी असते. स्नानगृहाचा पंखा, कपडे वाळविण्याचे यंत्र आणि स्वयंपाकघरातील मोठा पंखा एकाच वेळी चालले, तर घरातील दाब काही पास्कलने उतरतो आणि तो धूर उलटा घरात येऊ शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. या वायूला रंग नाही, वास नाही. झोपेतच प्राण जाऊ शकतो. आपल्या घरांत फोडणीचा धूर बाहेर जावा म्हणून शक्तिशाली पंखा हौसेने बसवला जातो. म्हणून ही सूचना आपल्याला विशेष लागू आहे. मिनिटाला 400 घनफुटांहून अधिक हवा खेचणाऱ्या पंख्यासोबत, घरात अशी गॅसची उपकरणे असतील तर, भरपाईची हवा आत आणण्याची सोय असावी असा तेथील घरबांधणी संहितेचा दंडक आहे. फटी बुजविल्यानंतर धुराच्या ओढीची चाचणी घेतली पाहिजे, प्रत्येक मजल्यावर कार्बन मोनॉक्साइडचा गजर असला पाहिजे आणि ताज्या हवेसाठी ठरावीक प्रमाणात चालणारा पंखा असला पाहिजे.

तत्त्वार्थाचा परिचय असलेल्या वाचकांना आस्रव, संवर आणि निर्जरा यांसाठी दिला जाणारा छिद्र पडलेल्या नावेचा दृष्टांत आठवेल. छिद्रातून पाणी येते तो आस्रव, छिद्र बुजवणे हा संवर, साचलेले पाणी उपसणे ही निर्जरा. छिद्र उघडे ठेवून कितीही उपसले तरी नाव कोरडी होत नाही. घर नीट थंड होत नाही म्हणून अधिक मोठे यंत्र विकत घेणे म्हणजे छिद्र न पाहता मोठी बादली आणणे होय. गरजेपेक्षा मोठे यंत्र थोडा वेळ चालून बंद पडते, दमटपणा पुरेसा काढीत नाही आणि वीजही अधिक घेते. माळ्यात सांडलेल्या गार हवेचा उपभोग कोणीच घेत नाही. तरी तिच्यासाठी इंधन जळलेले असते. श्रावकाच्या अनर्थदंडविरमण व्रतात निष्प्रयोजन हिंसेचा त्याग सांगितला आहे. या गळतीला याहून नेमके नाव मला सुचत नाही.

मुलांशी बोलताना पुढील गोष्टी सांगाव्यात. घर घेताना होणाऱ्या नेहमीच्या तपासणीत सहसा ही चाचणी नसते. ती वेगळी मागावी लागते. ती करणारा ऊर्जा लेखापरीक्षक बिल्डिंग परफॉर्मन्स इन्स्टिट्यूट किंवा रेसनेट या संस्थांचा प्रमाणित असावा. अनेक ठिकाणी वीज व गॅस कंपन्या अशा तपासणीसाठी सवलत देतात, ती विचारावी. दुरुस्तीपूर्वीचा आणि नंतरचा असे दोन्ही आकडे लेखी घ्यावेत, आणि यंत्र बदलण्याचा निर्णय दुसरा आकडा हाती आल्यावरच करावा. माळ्याचे झाकण, छतात बसवलेले दिवे, नळांची भोके आणि डक्टचे जोड यांपासून कामाला आरंभ करावा.

आपल्याकडील घरांत बहुधा डक्ट नसतात आणि खिडक्या उघड्या असतात. त्यामुळे या चाचण्यांची गरज क्वचितच पडते. परंतु बंद न्हाणीघरात लावलेला गॅस गीझर हा तोच धोका आहे. लहानशा खोलीत प्राणवायू कमी होतो, गॅस अपुरा जळतो आणि तोच अदृश्य वायू साचतो. अशा दुर्घटनांच्या बातम्या हिवाळ्यात आपण वाचतो. गीझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत बसवावा. तो आत असेल तर हे काम दिवाळीच्या खरेदीपूर्वी उरकावे. खर्च एका दिवसाच्या मजुरीचा आणि थोड्या नळाचा आहे.

जय जिनेंद्र.