खेळाडू हवा, मग हक्काचा कागद का नको?

प्रवेशाचे दिवस आले की नांदुऱ्यासारख्या तालुक्याच्या गावात पालक कार्यकर्त्यांना हमखास विचारतात, "पोरगं कबड्डीत चांगलं आहे, खाजगी शाळा फी माफ करते म्हणते, घालू का?" आमचं उत्तर आहे, जरूर घाला, पण लेखी घेऊन.

शाळांनी खेळाडू हेरणं नवं नाही. आचरेकर सरांच्या सल्ल्याने सचिन तेंडुलकरने शाळा बदलून दादरची शारदाश्रम गाठली आणि १९८८ मध्ये हॅरिस शील्डमध्ये विनोद कांबळीसोबत ६६४ धावांची भागीदारी केली. शाळेचं नाव झालं, पोरांचंही झालं. यात वाईट काही नाही. सवलत कोणत्या अटीवर मिळते आणि कधी काढून घेतली जाते, प्रश्न तिथे आहे.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने विनाअनुदानित खाजगी शाळांत २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांना दिल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून त्यालाही पळवाट काढली होती. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. पण हा हक्क आठवीपर्यंतच. शालेय क्रीडा स्पर्धांचे गट १४, १७ आणि १९ वर्षांखालील. म्हणजे मूल सतरा वर्षांखालच्या गटात जाऊन शाळेला खरं उपयोगी पडू लागतं, साधारण त्याच वेळी त्याचा हक्क संपतो आणि संस्थाचालकाची मर्जी सुरू होते. नववीत गुडघा दुखावला तर? फी कोण भरणार?

कामगिरीला बांधलेल्या पैशाचं ओझंही असतं. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडेने शालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या. वडील रिक्षाचालक. मुंबई क्रिकेट संघटनेने दरमहा १०,००० रुपये जाहीर केले. पुढच्याच वर्षी, खेळ घसरल्यावर, कुटुंबानेच ते थांबवायला सांगितलं. गरिबाच्या स्वाभिमानाची ही किंमत आहे. संघटनेची तिजोरी काही त्या दहा हजारांनी रिकामी होत नव्हती.

आपल्याला हा अनुभव जुना आहे. पळवणकर बाळूंची गोलंदाजी पुण्याच्या हिंदूंना हवी होती, पण चहा वेगळा, मातीच्या भांड्यात, बाहेर. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले, तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही. ते १९२३ मध्ये धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं, तेही मोठ्या वादानंतर. (१९३७ ला बाळू बाबासाहेबांविरुद्ध निवडणूक लढले, ते वेगळं प्रकरण.) खेळ घ्यायचा आणि माणूस उंबऱ्याबाहेर ठेवायचा, ही रीत फी माफीच्या तोंडी आश्वासनात आजही शिल्लक आहे.

म्हणून विहारातल्या बैठकीत युवकांनी हे काम हाती घ्यावं. शाळेकडून लेटरहेडवर लिहून घ्यायचं: सवलत दहावीपर्यंत आहे का, दुखापत झाली तरी राहील का, गणवेश, प्रवास आणि खुराक त्यात आहे का, शाळा सोडताना दाखला अडवणार नाही ना. शाळा सही करायला तयार नसेल तर शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीच्या चाचण्यांची चौकशी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करावी. तिथे राहणं, जेवण आणि प्रशिक्षणाचा खर्च शासन करतं. आणि शाळेने सवलत दिली म्हणून अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज सोडू नका. जातीचा दाखला आत्ताच काढून ठेवा, ऐन वेळी तहसीलला रांग असते.