बिल्ला नाही, तर दावा नाही

भीमा नदीच्या एका अंगाला शिरूर तालुका आणि दुसऱ्या अंगाला दौंड. शिरूरच्या बाजूला, रासाई देवीचे नाव घेऊन वसलेले वडगाव रासाई. ऊस, गोठा आणि नदीवरच्या मोटारी यांवर चालणारा हा सगळा पट्टा. अशा गावात रात्री पोर तापाने फणफणले, तर घरात पहिली चर्चा तापाची होत नाही. गाडी कोणाची, जायचे कुठे आणि हाताशी पैसे किती, याची होते. पहाटे शहरातल्या रुग्णालयाच्या खिडकीपाशी आणखी एक प्रश्न समोर येतो: कार्ड आहे का? आणि त्याच्या पोटातला दुसरा: कार्डावर या मुलाचे नाव आहे का? पुष्कळ घरे नेमकी इथेच अडतात.

ग्रामीण शाखांत नोकरी केलेल्या बँकवाल्याला या प्रश्नाची जुनी ओळख आहे. दुभत्या जनावरासाठी कर्ज दिले की त्याचा विमा उतरवावा लागे. जनावराच्या कानात क्रमांकाचा बिल्ला मारला जाई आणि विम्याचा हप्ता कर्जाबरोबरच परस्पर वळता होई. म्हैस दगावली, तर विमा कंपनी पहिल्यांदा तो बिल्ला मागे. ‘बिल्ला नाही, तर दावा नाही’ हा नियम अक्षरओळख नसलेल्या कर्जदारालाही तोंडपाठ असे. कानातला बिल्ला कुठे पडला, तर तो धावत शाखेत येऊन सांगे. त्याच घरातल्या पोराचा विमा मात्र कोणी उतरवीत नसे. बँकेला म्हशीची काळजी होती, कारण म्हैस तारण होती. पोर कोणाकडेच तारण नव्हते.

मग पोर आजारी पडले की सोने गहाण पडे, किंवा पीककर्जाचे पैसे खताच्या दुकानाऐवजी दवाखान्यात जात. अर्जावर कारण मोटार दुरुस्तीचे असे. आजारपणासाठी म्हणून रकानाच त्या छापील अर्जात नव्हता.

आज तो रकाना आहे, हे मान्य केले पाहिजे. १९८६ साली सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम आणला, पण तो शहरातल्या पगारदारांचा. १९९७ साली राज्य सरकारने गरिबांच्या मोठ्या शस्त्रक्रियांसाठी जीवनदायी योजना काढली. २०१२ साली ती राजीव गांधी जीवनदायी झाली, २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. केंद्राची आयुष्मान भारत योजना २०१८ साली आली आणि २०२०पासून राज्यात दोन्ही एकत्र चालू लागल्या. १ जुलै २०२४पासून तर राज्यातल्या सर्व कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण लागू झाले. पिवळी, केशरी की पांढरी शिधापत्रिका, हा वाद मिटला. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र नावाचा माणूस बसवलेला असतो. १५५३८८ या क्रमांकावर फोन करून माहिती विचारता येते. कागदावर पाहिले, तर म्हशीपेक्षा पोराची सोय आता चांगली आहे.

अडचण आहे ती बिल्ल्याची. बारशाला मांडव पडतो, गावजेवण होते. जन्मदाखला मात्र ‘शाळेत घालताना काढू’ म्हणून राहतो. शिधापत्रिकेवर नाव चढवायचे तहसीलच्या पुढच्या खेपेला ठरते आणि ती खेप येत नाही. लहानग्यांसाठी नियमांत थोडीफार सवलत असते, पण पोर अतिदक्षता विभागात असताना सवलत समजावून घ्यायला बापाचे डोके ठिकाणावर नसते. कागद जमवण्याची वेळ ही पोर अंगणात धडपणे खेळत असते तीच. जन्मदाखला, शिधापत्रिका, आधार आणि आयुष्मान कार्ड ही चार कामे बाळाच्या पहिल्या वर्षातच उरकली पाहिजेत. नावाचे स्पेलिंग चारही ठिकाणी एकच असावे. एका अक्षराच्या फरकाने अडकलेली खाती ज्याने पाहिली आहेत, त्याला हे फार बारीक वाटणार नाही.

याच तालुक्यातल्या रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या मुलांच्या घरांना आणखी एक आधार असतो, आणि तो पुष्कळांना माहीतही नसतो. २१ हजार रुपयांपर्यंत मासिक वेतन असलेल्या कामगाराला राज्य कामगार विमा लागू होतो. त्यात बायकोमुलांचे साधे, दाखल न होता घ्यायचे उपचारही येतात. ठेकेदाराच्या पगारपत्रकात ही कपात दिसते का आणि कुटुंबाची नावे नोंदली आहेत का, एवढे विचारायला पैसे पडत नाहीत.

ज्यांना परवडते ते खाजगी पॉलिसी घेतात. त्यांनी हप्त्याच्या आकड्यापेक्षा अटी आधी वाचाव्यात. नवजात बाळ कितव्या दिवसापासून धरले जाते? खोलीभाड्याला मर्यादा आहे का? कारण महागडी खोली घेतली की डॉक्टरांच्या बिलातूनही त्या प्रमाणात कपात होऊ शकते. मुलाला जन्मतः काही व्याधी असेल, तर ती लपवू नये. लपवलेली गोष्ट नेमकी दाव्याच्या दिवशी बाहेर येते. २०२४च्या नियमांप्रमाणे रोकडरहित उपचारांच्या विनंतीवर कंपनीने तासाभरात, आणि घरी सोडताना तीन तासांत निर्णय द्यायचा आहे. दावा फेटाळला आणि कंपनीकडे लेखी तक्रार करूनही दाद लागली नाही, तर विमा लोकपाल आहे. त्याचे कार्यालय पुण्यात आहे आणि तिथे शुल्क लागत नाही.

एवढे सगळे झाल्यावरही एक गोष्ट उरते, आणि माझ्या मते तीच मोठी आहे. विमा खाटेपासून सुरू होतो. पोर दाखल झाले, तरच तो हलतो. जुलाब, ताप, खोकला, खरूज, अंगावर मांस न धरणे, हे लहान मुलांचे खरे दुखणे खाटेच्या अलीकडचे असते. तिथे पाच लाखांच्या कार्डाचा उपयोग नाही. तिथे उपयोग असतो तो नर्सबाईंचा, आशाताईंचा आणि अंगणवाडीच्या वजनकाट्याचा.

हे सांगायला लांबचे दाखले नकोत. याच शिरूर तालुक्यात, वढू बुद्रुकला, पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७०च्या दशकात काम उभे केले. गावातलीच माणसे निवडून त्यांना आरोग्याचे शिक्षण दिले. १९९३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे लहान मुलांना जीवघेणे जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरसवरच्या स्वदेशी लशीची मोठी चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि वढूच्या परिसरात झाली. तिचे निष्कर्ष २०१४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. २०१९पासून महाराष्ट्रात बाळांना सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला रोटाव्हायरसचे डोस फुकट मिळतात. त्या लशीच्या मागे आपल्याच तालुक्यातल्या आयांचा विश्वास उभा आहे. त्याच तालुक्यात एखाद्या आईने ‘डोस दिला की पोर किरकिरते’ म्हणून पाठ फिरवावी, हे बरे नव्हे.

जुलाबावरचे दुसरे औषध तर याहून स्वस्त आहे. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली आणि सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोड्याचे पाणी पाजून हजारो जीव वाचवले. आज त्याची पुडी आशाताईंच्या पिशवीत असते. एक पुडी लिटरभर स्वच्छ पाण्यात, चमच्याचमच्याने. सोबत १४ दिवस झिंकची गोळी. आणि अंगावरचे दूध चालूच. पोर पीत नसेल, गळून पडले असेल, डोळे खोल गेले असतील, झटका आला असेल, श्वास भरभर चालून छाती आत ओढली जात असेल, तर मात्र घरात क्षणभरही थांबू नये. १०८ची रुग्णवाहिका त्यासाठीच आहे.

मग सरकारला एक विचारावेसे वाटते. विम्याचा आकडा दीड लाखावरून पाच लाखांवर गेला, त्याचे स्वागतच आहे. पण उपकेंद्रातली नर्सची जागा रिकामी राहिली, तर ते पाच लाख शहरातल्या रुग्णालयांत जातील आणि गावात जुलाब तेवढेच राहतील. १५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. मात्र दारात माणूस आणि कपाटात औषध असेल, तरच त्या शब्दाला अर्थ. विमा हा आरोग्यसेवेचा पूरक आहे, पर्याय नव्हे.

आणि शेवटी ती मुले, जी आपल्या कोणत्याच वहीत नाहीत. दिवाळीच्या सुमारास उसाच्या फडाशेजारी कोप्या उभ्या राहतात. बीड-अहिल्यानगरकडची जोडपी कोयत्याला येतात आणि पाचटावर झोळी बांधून तान्हे पोर निजवतात. त्याचे लसीकरणाचे कार्ड गावी राहिलेले असते, शिधापत्रिका आजीजवळ असते. इथल्या अंगणवाडीच्या यादीत ते नसते आणि तिथल्या यादीत ते गैरहजर असते. लस द्यायला रहिवासाचा दाखला लागत नाही. लागते ते कोणीतरी कोपीपर्यंत चालत जाणे. ऊस आपला, फड आपला. मग सहा महिने ते पोरही आपल्याच गावचे मानायला हरकत नसावी. ग्रामसभेने यंदा तोडणी सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात आशाताईंबरोबर दोन माणसे द्यावीत आणि प्रत्येक कोपीतल्या मुलाचे नाव, वय आणि राहिलेल्या लशी लिहून घ्याव्यात. बैलगाडी ओढणाऱ्या त्यांच्या बैलांच्या कानात बिल्ला असतो. पोरांची नावे निदान एका वहीत असावीत.