दवाखाना हॅक झाला तेव्हा

गेल्या महिन्यात आम्ही साताऱ्याहून एसटीने सांगलीला बहिणीकडे गेलो होतो. भाचा अकरावीत आहे. त्याने सलाम केला खरा, पण डोळे लॅपटॉपवरून हलले नाहीत. म्हणाला, "मामू, फक्त दोन मिनिटं. दुश्मननं आमचा दवाखाना हॅक केलाय." बहिणीने कपाळावर हात मारला. हॅक हा शब्द त्या घरात गेल्या वर्षापासून नकोसा झाला आहे. त्याचे कारण पुढे सांगतोच. आम्ही मात्र चपला काढून त्याच्या शेजारीच बसलो.

खेळाचे नाव 'एफटीएल', म्हणजे 'फास्टर दॅन लाइट'. जस्टिन मा आणि मॅथ्यू डेव्हिस या दोन मित्रांनी तो बनवला आणि 2012 मध्ये आला. बनवण्यासाठी त्यांनी लोकांकडे 10 हजार डॉलर मागितले होते, जमले 2 लाखांच्या वर. इंटरनेट नसले तरी चालतो, म्हणून घरात त्याला परवानगी. खेळात आपले एक अंतराळयान असते. त्याला वरून पाहिले की घराच्या नकाशासारखे दिसते: एका खोलीत इंजिन, एकीत शस्त्रे, एकीत प्राणवायूचे यंत्र, एकीत दवाखाना. माणसे मोजकी. एकदा यान फुटले की सगळे संपले, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

हॅकिंग त्यात 2014 मध्ये आले. शत्रू एक लहानसा ड्रोन सोडतो. तो येऊन आपल्या एखाद्या खोलीला बाहेरून चिकटतो. मग त्या खोलीची दारे आपल्याच माणसांना अडवतात, आणि शत्रूने कळ दाबली की चार ते दहा सेकंद ती खोली उलटी वागते. प्राणवायूचे यंत्र हवा खेचून घेते. ढाल गळून पडते. दवाखान्यात जखमी झोपलेले असतील तर तिथे त्यांचा जीव जातो. आम्हाला हे पाहून जरा अस्वस्थच वाटले. बाकी हल्ल्यांत भिंती फुटतात, इथे भिंत शाबूत असते.

"मग करायचं काय?" आम्ही विचारले. भाच्याने स्पेसबार दाबला. सगळे जागच्या जागी थांबले. या खेळात कितीही वेळ थांबवून विचार करता येतो. तो बोटाने दाखवू लागला. ड्रोन निघाल्यापासून चिकटेपर्यंत थोडा वेळ मिळतो. आपल्याकडे बचावाचा ड्रोन असेल तर तो त्याला वाटेतच पाडू शकतो. नसेल तर ड्रोन कुठल्या खोलीकडे निघाला आहे ते बघायचे आणि तिथली माणसे आधी बाहेर काढायची. चिकटल्यावर त्याच्या मागे धावण्यात अर्थ नाही. शत्रूच्या यानात हॅकिंगची जी खोली आहे तिच्यावर मारा करायचा. ती बंद पडली की ड्रोन नुसता लटकलेला राहतो. "नवीन पोरं घाबरून सगळ्यांना त्याच खोलीत पाठवतात," तो म्हणाला. हे सांगताना त्याचा सूर अनुभवी माणसाचा होता, आणि तो अनुभव फक्त या खेळातला नव्हता.

गेल्या वर्षी तो मोबाईलवर दुसराच एक गेम खेळायचा, चारचौघांबरोबर, ऑनलाइन. तिथल्या गप्पांत कुणीतरी फुकट डायमंड देतो म्हणाले. "तुझ्या मोबाईलवर सहा आकडी नंबर येईल, तेवढा सांग." याने सांगितला. गेमचे खाते गेलेच, पण ज्या ईमेलने तो गेममध्ये शिरत होता तोही हातचा गेला. त्याच मेलवर घरातल्यांच्या आधारच्या प्रती, अब्बांच्या दुकानाची कागदे, बहिणीच्या साखरपुड्याचे फोटो. आठ दिवस त्याने घरात एक शब्द काढला नाही. सांगितले तर अब्बा मोबाईल फोडतील ही भीती. त्या आठ दिवसांत त्याच्या नावाने चार नातेवाइकांना पैशांचे मेसेज गेले आणि एका आत्याने पाठवलेही.

आमच्या साताऱ्यात अशा गोष्टीची किंमत पैशांत मोजता येत नाही. ऑगस्ट 2023 मध्ये इथे एका अल्पवयीन मुस्लिम मुलाच्या इन्स्टाग्राम खात्यावरून छत्रपती शिवाजी महाराजांबद्दल आक्षेपार्ह मजकूर पसरला. गावात ताण निर्माण झाला. पोलिसांनी तपास केला तेव्हा मजकूर त्या मुलाने टाकलेलाच नव्हता. दुसऱ्याच तरुणाने खात्याचा ताबा मिळवून तो टाकला होता, आणि त्याला अटक झाली. पुढच्याच महिन्यात, 10 सप्टेंबरच्या रात्री, खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत इन्स्टाग्रामवरच्या मजकुराचेच निमित्त झाले. जमावाने मशिदीवर हल्ला केला, एका तरुणाचा जीव गेला, जिल्ह्यातले इंटरनेट बंद करावे लागले. स्क्रीनशॉट या मोबाईलवरून त्या मोबाईलवर जायला किती सेकंद लागतात, आणि तो खरा कुणी टाकला हे शोधायला पोलिसांना किती दिवस, याचा हिशेब आम्ही तेव्हापासून मनात करत असतो. तिथे स्पेसबार कुणाच्याच हातात नसतो.

म्हणून आम्हाला त्या ऑगस्टमधल्या मुलाची आठवण राहिली आहे. खाते आपले, नाव आपले, फोटो आपला, आणि शब्द दुसऱ्याचे. हे पोराने कुणाला पटवून द्यायचे? आधी घरच्यांना तरी पटायला हवे.

बहीण म्हणाली, "मोबाईलच काढून घ्यावा." मेहुणेही त्याच मताचे. आम्हाला ते पटले नाही आणि तसे आम्ही जेवताना बोललो. मोबाईल जाईल या भीतीनेच पोरगा आठ दिवस गप्प बसला होता. पहिल्याच दिवशी त्याने सांगितले असते तर पासवर्ड बदलता आला असता, सगळ्या ठिकाणांहून लॉगआउट करता आले असते, नातेवाइकांच्या ग्रुपवर एक ओळ टाकता आली असती की या खात्यावरून काही आले तर ते आमचे नाही. आत्याचे पैसेही वाचले असते. पैसे गेले की लगेच 1930 वर फोन करायचा असतो, जितका लवकर तितके ते अडवले जाण्याची शक्यता जास्त. आठ दिवसांनी फोन करून काय होणार! आणि खात्यावर कुणी भलतेच लिहिलेले दिसले तर घाईने पुसून टाकण्याआधी त्याचा वेळेसह स्क्रीनशॉट ठेवावा, राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर किंवा सायबर पोलिसांकडे लेखी तक्रार द्यावी आणि पोच हातात घेतल्याशिवाय उठू नये. दुसऱ्याचा पासवर्ड वापरून त्याच्या नावाने वावरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66क प्रमाणे गुन्हा आहे, 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाखापर्यंत दंड. त्या पोचेवरची तारीख आणि वेळ उद्या तुमच्या मुलाच्या बाजूने बोलेल.

मेहुणे थोडा वेळ गप्प होते. मग भाच्याकडे न बघताच म्हणाले, "पुढच्या वेळी काही झालं तर आधी मला सांग. मोबाईल नाही घेणार." भाच्याने मान हलवली. बहिणीने त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

इशानंतर भाचा आमचाच मोबाईल घेऊन बसला. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये लिंक केलेली उपकरणे उघडली, तर तिथे साताऱ्यातल्या एका झेरॉक्सच्या दुकानातला संगणक सहा महिन्यांपासून जोडलेला! निकाहनाम्याची प्रत काढायला आम्हीच तिथे जोडला होता आणि विसरलो होतो. त्याने तो काढून टाकला. मग दुहेरी पडताळणी सुरू केली आणि सहा आकडी पिन घालायला सांगितला. आम्ही जन्मतारीख घातली, त्याने ती खोडायला लावली. "आणि मामू, पिन कुठं लिहून ठेवू नका."

"नाही ठेवणार," आम्ही म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी साताऱ्याची गाडी पकडायला निघताना त्याने आम्हाला दारात थांबवले आणि एसटीच्या तिकिटामागे काय लिहिले आहे ते दाखवायला सांगितले.