उडी दीपाची, धडधड आईची

लखनौच्या विकास नगरमध्ये माझी मावसबहीण राहते. भावजी बँकेत. तीन वर्षांपूर्वी नागपूरहून बदली होऊन हे कुटुंब इथं आलं. गेल्या डिसेंबरात मी चार दिवसांसाठी त्यांच्याकडे गेले होते. पहिल्याच सकाळी चहाचा कप हातात येतो न येतो, तोच बैठकीच्या खोलीतून धप्प असा आवाज आला. मी दचकले. ताई मात्र स्वयंपाकघरातूनच ओरडली, ‘‘दिवाणावरून नको, किती वेळा सांगितलं तुला!’’

सात वर्षांची भाची दिवाणावरून कोलांटउडी मारून फरशीवर उभी होती. दोन्ही हात वर, छाती पुढं, टीव्हीतल्या खेळाडूंसारखी. तिला शाळेच्या व्यायामाच्या बाईंनी म्हणे सांगितलंय, ‘अंग लवचिक आहे, जिम्नॅस्टिक्सला घाला.’ हॉल शहराच्या दुसऱ्या टोकाला. आठवड्याचे पाच दिवस, रोज दोन तास.

त्या एका वाक्यावरून घरात महिनाभर खल चालला होता. भावजींचं म्हणणं, ‘‘पैशांचं सोडा, पण पुढं काय? क्रिकेट असतं तर एक वेळ ठीक.’’ ताईचं म्हणणं आणखी सरळ, ‘‘मान मोडली तर?’’ नवल म्हणजे, नात उड्या मारते म्हणून सर्वांत खूश होत्या त्या ताईच्या सासूबाई. ‘‘अगं, इथून बिठूर किती लांब? दुसरे बाजीराव तिथंच राहिले. त्यांचे बाळंभटदादा देवधर, मल्लखांब पुन्हा उभा केला त्यांनी. आपली मनू त्याच बिठूरला वाढली. तिला कुणी विचारलं होतं का, पुढं काय म्हणून?’’

रात्री भांडी आवरताना ताई मला म्हणाली, ‘‘कार्टीनं फोनवर त्या दीपा कर्माकरची उडी पाहिलीय, तेव्हापासून हे खूळ. तू पेपरवाली ना? मला खरं सांग, काय मिळालं त्या मुलीला? चौथाच नंबर ना?’’

वाचकहो, त्या रात्री ताईला जे सांगितलं, तेच आज तुम्हाला सांगते. कारण हा प्रश्न काही एकट्या ताईचा नाही.

सपाट पायांची मुलगी

दीपाचा जन्म ९ ऑगस्ट १९९३ चा, त्रिपुरातल्या आगरतळ्याचा. वडील दुलाल कर्माकर भारतीय क्रीडा प्राधिकरणात वेटलिफ्टिंगचे प्रशिक्षक. मुलीनं जिम्नॅस्ट व्हावं ही हौस मुळात त्यांची. सहाव्या वर्षी त्यांनी तिला हॉलमध्ये नेलं, तेव्हा तिला स्वतःला त्यात फारशी गोडी नव्हती. त्यातून तिचे तळपाय सपाट. या खेळात पळायचं, उडायचं आणि उतरायचं ते पायांवरच. तळव्याला कमान नसेल, तर उडीला उसळी कमी मिळते आणि उतरताना तोलही जातो. अशा मुलीला सहसा दारातूनच परत पाठवतात.

तिला परत पाठवलं नाही, ते सोमा नंदी आणि त्यांचे पती बिश्वेश्वर नंदी यांनी. पायांच्या व्यायामावरच त्यांनी कितीतरी दिवस घालवले. साधनं म्हणाल तर आनंदच. उसळी घ्यायची फळी म्हणजे स्प्रिंगबोर्ड. तो स्कूटरच्या जुन्या भागांतून तयार केलेला. पहिल्या स्पर्धेला दीपा उतरली, तेव्हा पायात बूट नव्हते आणि अंगातला पोशाख कुणाकडून मागून आणलेला, तोही ढगळ.

तरीही जलपायगुडीला तिनं राष्ट्रीय ज्युनिअर स्पर्धा जिंकली. २०११ च्या रांचीच्या राष्ट्रीय स्पर्धेत एकूण गुणांचं सुवर्ण तिनं घेतलंच, शिवाय व्हॉल्ट, असमान दांड्या, बीम आणि फ्लोअर या चारही प्रकारांची सुवर्णपदकं घरी नेली. यातला बीम म्हणजे काय, तर पाच मीटर लांब, सव्वा मीटर उंच आणि फक्त दहा सेंटिमीटर रुंद पट्टी. आपण वीतभर म्हणतो, त्याच्या निम्म्याहून थोडी कमी. तिच्यावर कोलांट्या घ्यायच्या!

मधल्या काळात ताई सध्या राहते त्याच उत्तर प्रदेशातल्या एका मुलानं वाट दाखवली होती. प्रयागराजच्या आशिष कुमारनं २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत व्हॉल्टमध्ये रौप्य आणि फ्लोअरमध्ये कांस्यपदक जिंकलं. राष्ट्रकुलमध्ये पदक मिळवणारा तो पहिला भारतीय जिम्नॅस्ट. सतरा वर्षांची दीपा त्या स्पर्धेत भारताच्या संघात होती. ती रिकाम्या हातानं घरी गेली.

जिवावरची उडी

राष्ट्रकुलची पुढची स्पर्धा २०१४ साली ग्लासगोला होती. जगातल्या मुलींशी टक्कर द्यायची, तर सोप्या उड्यांनी भागणार नव्हतं. गुरु-शिष्येनं निवडली ती ‘प्रोदुनोव्हा’. १९९९ मध्ये रशियाच्या येलेना प्रोदुनोव्हानं ती पहिल्यांदा मारली, म्हणून तिचं हे नाव.

ही उडी म्हणजे नक्की काय? सुमारे २५ मीटर धावत यायचं. फळीवरून उसळून समोरच्या सव्वा मीटर उंच टेबलावर हात टेकायचे. तिथून हवेत जाऊन पुढच्या दिशेनं दोन पूर्ण कोलांट्या घ्यायच्या आणि पायांवर उतरायचं. पुढच्या दिशेनं फिरताना जमीन अगदी शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. फिरकी जरा कमी पडली, तर पायांऐवजी मान किंवा पाठ खाली येते. म्हणून परदेशात तिला ‘मृत्यूची उडी’ म्हणतात. जगात मोजून चार-पाच जणींनीच ती स्पर्धेत यशस्वी केली होती.

ताईचा प्रश्न बरोबर होता. मान मोडू शकते. हे लपवून कुणाला खेळात घालू नये. पण दीपानं ही उडी सातव्या वर्षी मारली नाही, हेही तितकंच खरं. ती शिकायला घेतली तेव्हा ती विशीत आली होती आणि मागं चौदा वर्षांची मेहनत होती. नंदी सरांनी आधी मऊ गाद्यांचे ढीग रचले, त्यावर हजारदा उड्या मारून घेतल्या, मगच गाद्या कमी केल्या.

ग्लासगोला दीपानं प्रोदुनोव्हा मारली आणि कांस्यपदक घेतलं. राष्ट्रकुलमध्ये पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला जिम्नॅस्ट ठरली. २०१५ मध्ये आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत पुन्हा कांस्य, जागतिक स्पर्धेत व्हॉल्टच्या अंतिम फेरीत पाचवी. एप्रिल २०१६ मध्ये तिनं रिओ ऑलिम्पिकचं तिकीट मिळवलं. ऑलिम्पिकमध्ये जाणारी ती पहिली भारतीय महिला जिम्नॅस्ट. त्याआधी भारताचे पुरुष जिम्नॅस्ट गेले होते, ते १९६४ साली टोकियोला!

पंधरा शतांश

रिओमध्ये व्हॉल्टच्या अंतिम फेरीसाठी आठ जणी निवडल्या गेल्या. दीपा बरोबर आठवी. त्यानंतर आठवडाभर नंदी सरांनी तिला बाहेरच्या जगापासून दूर ठेवलं. फोनमधलं सिमकार्ड काढून घेतलं. बोलायचं ते फक्त आई-वडिलांशी. ९ ऑगस्टला तिचा तेविसावा वाढदिवस होता, तोही तसाच गेला. कडक वाटतं ना? दहावीच्या परीक्षेला टीव्हीची केबल काढून ठेवणाऱ्या आयांना हे लगेच समजेल.

१४ ऑगस्ट २०१६. आपल्याकडे रात्रीचे सव्वाअकरा. एरवी हा खेळ न बघणारी घरं टीव्हीपुढं जागी होती. पहिल्या उडीला १४.८६६ गुण. दुसरी प्रोदुनोव्हा. ती पायांवर उतरली, पण इतकी खाली बसली की बघणाऱ्यांचा श्वास अडकला. १५.२६६. सरासरी १५.०६६. काही वेळ ती पदकाच्या जागेत होती. मग रशियाची मारिया पासेका आणि अमेरिकेची सिमोन बाइल्स पुढं गेल्या. बाइल्सला सुवर्ण, पासेकाला रौप्य. कांस्यपदक स्वित्झर्लंडच्या जुलिया श्टाइनग्रुबरचं, १५.२१६ गुणांचं. फरक फक्त पंधरा शतांशांचा.

दीपानं त्यानंतर देशवासीयांची माफी मागितली. भारतात जिम्नॅस्टिक्स म्हणजे काय हे जिच्यामुळे लोकांना पहिल्यांदा कळलं, तिनं माफी मागावी! देशानं मात्र तिला खेलरत्न दिला, २०१७ मध्ये पद्मश्री दिली आणि नंदी सरांना द्रोणाचार्य पुरस्कार. सचिन तेंडुलकरच्या हस्ते तिला बीएमडब्ल्यू मोटारही मिळाली. पण आगरतळ्याच्या अरुंद रस्त्यांवर ती चालवणार कुठं आणि दुरुस्तीला नेणार कुठं? कर्माकरांच्या घरानं मोटार परत करून त्या पैशांत साधी गाडी घेतली. मुलीनंही रिओहून आल्या आल्या राज्यशास्त्राच्या एम.ए.ची परीक्षा दिली. मध्यमवर्गीय घर असंच असतं.

गुडघा, बंदी आणि ताश्कंद

इथंच गोष्ट संपली असती, तर ती शाळेच्या पुस्तकात शोभली असती. पण पुढचं ऐकल्याशिवाय ताईला उत्तर मिळणार नव्हतं.

२०१७ मध्ये दीपाचा गुडघा गेला. आतला स्नायुबंध दुखावला, शस्त्रक्रिया झाली. २०१८ च्या जुलैत तुर्कस्तानातल्या मर्सिनला तिनं जागतिक चषक मालिकेतलं सुवर्ण जिंकलं. तिथपर्यंत कुणाही भारतीय जिम्नॅस्टला ते जमलं नव्हतं. पण गुडघ्यानं पुन्हा दगा दिला आणि टोकियो ऑलिम्पिक हुकलं.

मग ऑक्टोबर २०२१ मध्ये घेतलेल्या नमुन्यात हायजेनामिन हे बंदी असलेलं द्रव्य सापडलं. एकवीस महिन्यांची बंदी आली, ती १० जुलै २०२३ ला संपली. आपल्या पोटात ते नकळत गेलं, असं तिचं म्हणणं होतं. काही वनस्पतींत आणि बाजारात मिळणाऱ्या पूरक गोळ्या-पावडरींत हे द्रव्य असतं. पण नियमाला ‘नकळत’ चालत नाही. खेळाडूच्या तोंडात काय जातं, याची जबाबदारी खेळाडूचीच.

तीस वर्षांची, शस्त्रक्रिया झालेली, बंदी भोगलेली जिम्नॅस्ट. कुणीही म्हटलं असतं, आता पुरे. मे २०२४ मध्ये ताश्कंदला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तिनं व्हॉल्टचं सुवर्ण घेतलं. त्या स्पर्धेतलं भारताचं हे पहिलं सुवर्ण. गुण १३.५६६, म्हणजे रिओपेक्षा बरेच कमी, पण त्या दिवशी आशियात सर्वांत जास्त. आणि ७ ऑक्टोबर २०२४ ला तिनं निवृत्ती जाहीर केली.

आईनं काय विचारावं?

ताई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘म्हणजे पंचवीस वर्षं त्या मुलीजवळ कुणीतरी उभं होतं.’’

मला वाटतं, ताईनं नेमकं बोट ठेवलं. बहुतेक मुलींना पदक मिळणार नाही. मिळेल ते काटक शरीर, शिस्त आणि पडून उठायची सवय. तेही तेव्हाच, जेव्हा शिकवणारा माणूस नीट असेल. नसेल, तर काय होतं, हे अमेरिकेनं पाहिलं. तिथल्या जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर अनेक वर्षं मुलींवर लैंगिक अत्याचार करत होता. २०१८ च्या जानेवारीत दीडशेहून जास्त जणींनी कोर्टात त्याच्यासमोर उभं राहून आपली कहाणी सांगितली आणि त्याला जन्मभराची कैद झाली. सिमोन बाइल्सनंही आपण त्यातल्याच एक असल्याचं जाहीर केलं. इतकी मोठी खेळाडू, पण तिच्याही बाबतीत मोठी माणसं कमी पडली.

तेव्हा मैत्रिणींनो, ‘मेडल मिळेल का?’ हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. हॉलवर जा आणि हे विचारा. गाद्या जाड आहेत का, फाटलेल्या तर नाहीत? अवघड उडीच्या वेळी आधाराला कोण उभं राहतं? मुलींसाठी बाई प्रशिक्षक आहेत का? आई-वडिलांना बसून सराव बघू देतात का? दुखतंय म्हटल्यावर मुलीला थांबवतात, की ‘नाटक करू नको’ म्हणून दटावतात? डॉक्टरांना न विचारता कुठली पावडर, गोळी देतात का? यातल्या एका जरी प्रश्नाला तिथले लोक चिडले, तर मुलीचा हात धरून घरी या. आणि मुलगी एखाद्या दिवशी ‘मला जायचं नाही’ म्हणाली, तर रागावण्याआधी का ते विचारा.

मी निघाले त्या दिवशी ताईनं हे सगळे प्रश्न दूधवाल्याच्या बिलामागं लिहून फ्रीजवर चिकटवले होते. भावजी शनिवारी हॉल बघून येणार होते. ‘‘नुसता बघून येतो हं,’’ ते मला दोनदा म्हणाले. आजींनी माझ्याकडे बघून डोळा बारीक केला.

रिक्षा दाराशी आली, तेवढ्यात भाची पुन्हा दिवाणावर चढली. मी ताईकडे पाहिलं. या वेळी ती ओरडली नाही. आतून जाड गादी ओढत आणली, दिवाणाखाली टाकली आणि स्वतः बाजूला उभी राहिली.

‘‘हं, मार आता,’’ ती म्हणाली.