रॉकेट उडालं, पण कुणाचं?



आज एक मत मांडायचं आहे आणि त्याआधी एक कबुली द्यायची आहे. मत साधं आहे. मुलांसाठी आणलेला रॉकेटचा किट मोठ्यांनी जोडून देऊ नये. पंख वाकडे बसले तरी चालतील, रॉकेट उडालं नाही तरी चालेल, पण ते मुलांनीच करावं.

आता कबुली. विज्ञान दिनासाठी मी पाण्याच्या रॉकेटचा किट मागवला होता. त्यात प्लास्टिकचं टोक, चार पंख, रबरी बूच, बुचातून जाणारी फुटबॉलची पिन, लांब नळी आणि रॉकेट उभं करायचा स्टँड होता. बाटली आणि सायकलचा पंप आपला. परदेशात पुठ्ठ्याच्या नळीला दारूचं छोटं इंजिन लावून रॉकेट उडवण्याचा छंद आहे, पण ते इंजिन म्हणजे स्फोटक. चौथीच्या वर्गात त्याचं काम नाही. आपल्याला पाणी आणि हवा पुरते.

दुसऱ्या दिवशी शाळेत पाहुणे येणार होते. मुलांकडून चुकलं तर फजिती, म्हणून रात्री घरी बसून मीच पंख चिकटवले. सकाळी रॉकेट झकास उडालं. टाळ्या पडल्या, व्हिडिओ ग्रुपवर गेला, अंगठे आले. मी खूश!

दोन दिवसांनी वर्गात विचारलं, "पंख खालच्या बाजूलाच का लावले असतील?" सगळे गप्प. मग एक मुलगी अगदी सरळपणे म्हणाली, "बाई, तुम्हीच लावलेत ना? तुम्हालाच माहीत."

ती उद्धट नव्हती, खरं तेच बोलली. रॉकेट माझं होतं, मुलं फक्त टाळ्या वाजवायला होती.

मग मुलांचं रॉकेट झालं

त्या शनिवारी किटचे पंख काढून ठेवले. बूच, पिन आणि स्टँड तेवढे वापरले. तीन गट केले आणि प्रत्येक गटाला कोल्ड्रिंकची दोन लिटरची रिकामी बाटली दिली. किटवरच्या सूचना इंग्रजीत होत्या. मी वाचून अर्थ सांगितला आणि मुलांनी त्या आपल्या मराठीत लिहून काढल्या. सूचनालेखनाचा असा तास मी यापूर्वी घेतला नव्हता, कारण या सूचना खरंच कुणाला तरी वापरायच्या होत्या.

पहिल्या गटाने बाटली काठोकाठ भरली. "पाणी जास्त तर रॉकेट जास्त वर," असा त्यांचा हिशोब. बूच सुटलं आणि रॉकेट जेमतेम गुडघ्याएवढं उडून धपकन पडलं. का? दाबायला हवाच उरली नव्हती. पंपाने कोंबलेली हवा पाण्याला खाली ढकलते. पाणी जोरात खाली जातं, म्हणून बाटली वर जाते. न्यूटनचा तिसरा नियम मी फळ्यावर लिहिला तो यानंतर, आधी नाही. पुढच्या वेळी त्यांनी बाटलीचा एक तृतीयांश भाग भरला. दोन लिटरचा एक तृतीयांश म्हणजे किती? मापाच्या भांड्याने साधारण ६५० मिली मोजताना अपूर्णांकाचा धडा आपोआप झाला.

दुसऱ्या गटाने वहीच्या पुठ्ठ्याचे पंख लावले. पहिल्याच उड्डाणात ते भिजून लोळागोळा झाले. मग एकाने जुन्या प्लास्टिक फाईलचं कव्हर आणलं.

तिसऱ्या गटाचं रॉकेट वर जाऊन कोलांट्या खाऊ लागलं. तेव्हा मी त्यांना एकच युक्ती दाखवली. रिकामं रॉकेट दोरीवर आडवं तोलून धरायचं, जिथे तोललं जाईल तिथे दोरी बांधायची आणि डोक्याभोवती गरगर फिरवायचं. टोक पुढे राहिलं तर रॉकेट बहुतेक सरळ जाईल. शेपूट पुढे आलं किंवा रॉकेट गोते खाऊ लागलं, तर टोकाला वजन कमी आहे किंवा पंख लहान आहेत. मुलांनी टोकात शाडूच्या मातीचा लिंबाएवढा गोळा भरला आणि पुन्हा फिरवून पाहिलं. नंतरच्या उड्डाणात रॉकेट शाळेच्या लिंबाच्या झाडावरून गेलं.

आता विचारा त्यांना, पंख खाली का? हवा पंखांवर ढकलते, म्हणून शेपूट मागे राहतं आणि टोक पुढे, हे ती मुलं हात फिरवून दाखवतात.

"पण वेळ कुठे आहे?"

हा प्रश्न तुम्ही विचारणार, आणि तो खोटा नाही. अभ्यासक्रम आहे, माहिती भरायची आहे, एकेका शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग आहेत. पण मी रात्री जागून पंख चिकटवले, तो वेळ कुठून आला होता? दिखाव्यासाठी वेळ काढतोच की आपण. तोच शिकण्याकडे वळवायचा.

पालकांनाही विनंती आहे. प्रदर्शनाचं मॉडेल दुकानातून आणून किंवा स्वतः करून देऊ नका. बक्षीस मिळेलही, पण मूल शिकतं एवढंच की आपलं काम दाखवण्याजोगं नसतं. मुलाशेजारी बसा, कात्री धरायला शिकवा, आणि चुकतंय हे दिसलं तरी जरा थांबा.

चुकण्याची लाज कशाला? आपल्या देशाचा पहिला उपग्रह प्रक्षेपक एसएलव्ही-३ हा १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोट्याहून उडाला आणि बंगालच्या उपसागरात पडला. प्रकल्पाचे प्रमुख होते डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम. बिघाड शोधला गेला आणि वर्षभराच्या आत, १८ जुलै १९८० रोजी, त्याच जातीच्या रॉकेटने रोहिणी उपग्रह कक्षेत नेला. तेवढी मोठी माणसं चुकून शिकली, मग आपल्या चौथीच्या मुलांना पहिल्याच वेळी बरोबर यावं हा हट्ट का?

एका ठिकाणी मात्र सूट नाही

चुकू द्यायचं ते रॉकेटच्या बाबतीत, सुरक्षेच्या बाबतीत नाही. बाटली कोल्ड्रिंकचीच हवी, पाण्याची पातळ बाटली नको आणि काचेची तर मुळीच नको. चिरलेली बाटली टाकून द्या. मैदान मोकळं हवं, वर विजेच्या तारा नकोत. टोक बोथट ठेवा. पंप मोठ्या माणसानेच मारायचा, नळी लांब ठेवायची, मुलं चुन्याच्या रेषेमागे. हवा भरताना बाटलीवर कुणीही वाकायचं नाही. बूच सुटलंच नाही तर बाटलीजवळ जायचं नाही. नळी पंपाकडच्या टोकाने सोडायची, पिनेला झडप नसल्यामुळे हवा तिकडून निघून जाते.

आमच्या वर्गात आता तिन्ही रॉकेटं खिडकीवर ठेवली आहेत. दिसायला ओबडधोबड, चिकटपट्ट्या लोंबताहेत. परवा एका पालकांनी विचारलं, "ही कुणी केली?" मी तोंड उघडण्याआधीच मागून तीन-चार आवाज आले, "आम्ही!"

तुमच्या शाळेच्या कपाटात असा एखादा किट पडला असेल, तर येत्या शनिवारी खोका मुलांसमोर ठेवा आणि डिंकाची बाटलीही त्यांच्याच हातात द्या.